पटका बांधून बसलेला माणूस

अलीकडे कोणी योगाचा उगम सांगायला लागलं, की मी आधी एक प्रश्न विचारतो : त्या बसलेल्या माणसाचे गुडघे कसे होते? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. हिमालय, गुहा, ऋषी, मृगाजिन असं सगळं सांगून झालेलं असतं आणि हा म्हातारा गुडघ्यांचं काढतो. काढणारच. मी परभणीकडच्या चारठाण्याचा आहे. योगाबद्दल कॉलेजने मला जे शिकवलं ते मी परीक्षेत लिहिलं आणि मार्क घेऊन मोकळा झालो. मला जे पक्कं ठाऊक आहे ते माझ्या हातून एक घोडचूक झाली, तिच्यापायी ठाऊक झालं. ती चूक लपवावी असं मला कधी वाटलं नाही. म्हणून लिहितो.

चारठाण्यात जुन्या देवळांचं कोणाला अप्रूप नाही. कोणाच्या गोठ्याच्या भिंतीत कोरीव दगड, कोणाच्या दारात पायरी म्हणून उलटी घातलेली शिळा. गावाच्या कडेला एक पडकं देऊळ होतं. त्याचा गाभारा ढासळलेला, पण मंडप धड होता. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, रोज उजाडताना त्या मंडपात जाऊन बसत. देवळातल्या देवासाठी नव्हे. आम्ही लिंगायत, आमचा देव आमच्या गळ्यात. मंडपात जायचं ते तिथल्या गारव्यासाठी, आणि आजोबाही तिथेच बसत म्हणून.

अप्पांचं बसणं कसं होतं ते नीट सांगायला हवं. तरुणपणी मोट हाकताना नाडा तुटला आणि अप्पा विहिरीच्या काठावर असे आपटले की डावा खुबा कायमचा गेला. चालत लंगडत, पण मांडी पुरती घालता येत नसे. आधाराशिवाय बसले की पोत्यासारखे डावीकडे कलत. मग ते काय करत? ओढ्यावर आंघोळ, कपाळाला भस्म, मंडपात आले की डोक्याचा पटका सोडत. त्याची लांब घडी कमरेमागून घेऊन दोन्ही अर्धवट उभ्या गुडघ्यांभोवती फिरवत आणि पुढे गाठ मारत. दिवसभरात त्यांचं डोकं उघडं दिसायचं ते तेवढंच. गाठ बसली की पाठ आपोआप ताठ होई आणि हात मोकळे राहत. मग गळ्यातल्या कापडातून लिंग काढून डाव्या तळहातावर घेत, हात डोळ्यांसमोर धरत आणि बघत राहत. त्या काळ्या, चकचकीत, सुपारीएवढ्या दगडाकडे. पापणी मोजून मिटायची. चिमण्या अंगावरून जायच्या. ऊन मंडपाच्या दुसऱ्या खांबाला लागलं की अप्पा गाठ सोडत, तोच पटका पुन्हा डोक्याला गुंडाळत आणि शेतावर जात.

ते बसत त्याच्या हाताच्या अंतरावर एक खांब होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुन्याने त्याची नक्षी बुजलेली. मी लहान असताना अप्पांनी एकदा त्या चुन्यातल्या फुगवट्यावर माझा हात ठेवला होता. "ह्याच्या आत एक माणूस बसलेला हाय. आपल्यावानीच." त्यांना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. मी ते जुन्या माणसांचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

पुढे मी शिकलो. गावातली शाळा, परभणी, मग हैदराबाद. निजामाचा मुलूख, सगळं उर्दूतून. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस मी आणि बी.ए. होणाराही पहिला मीच. त्याचा ताठा माझ्यात होता आणि अजून आहे. तो मी कष्टाने मिळवलेला आहे.

इतिहासाच्या तासाला आमच्या प्रोफेसरांनी एकदा मोहेंजोदडोच्या उत्खननात निघालेल्या एका मुद्रेचा फोटो वर्गात फिरवला. डोक्यावर शिंगं, हातभर कडी, टाचा जुळवून आणि गुडघे बाहेर टाकून चौरंगावर बसलेली आकृती. काही विद्वान म्हणतात हाच पहिला योगी. प्रोफेसर मात्र म्हणाले, लिपी वाचता येत नाही तोवर कोणी छातीठोक बोलू नये. मग त्यांनी पुढचं सांगितलं. वेदांच्या काळात तप होतं, म्हणजे अंग तापवणं, उपास, जागरण. उपनिषदांत इंद्रियं आवरून मन स्थिर करण्याची भाषा आली. घरदार सोडून हिंडणारे श्रमण झाले, त्यांच्यातून जैन आणि बौद्ध निघाले. त्यांनी श्वासावर लक्ष ठेवण्याची पद्धत घडवली. मग कोणीतरी हे सगळं सूत्रांत बांधलं. त्यानंतर कितीतरी शतकांनी नाथपंथी आले आणि त्यांनी शरीरच प्रयोगाला लावलं. मी हे उत्तर दोन पानं लिहिलं. शेजारच्या मुलाने सहज विचारलं होतं, तुमच्या पंथात ध्यान असतं म्हणे, तुझे वडील करतात का? मी म्हणालो, "छे. ते शेतकरी आहेत. ते नुसते बसतात."

हे वाक्य मी आयुष्यात विसरलेलो नाही.

बी.ए. होऊन गावी आलो तेव्हा पोलिस ॲक्शनला अजून तीन-चार वर्षं होती. नोकरीच्या खटपटीत होतो. त्याच सुमारास इंग्रजी मुलखातून एक गृहस्थ आले. त्यांना सगळे आचार्य म्हणत. अंग तालमीत घडवलेलं, आवाज स्वच्छ, पोट पाठीला लावून फिरवून दाखवत तेव्हा पोरंच काय, म्हातारेही तोंड उघडं टाकून बघत. माणूस खोटा नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. जे करत होता ते त्याला येत होतं. त्यांना गावात योगाचा वर्ग काढायचा होता. जागा त्यांनी बघून ठेवलेली, तोच मंडप. अडचण परवानगीची. चार माणसं एका जागी जमायची तर निजाम सरकारचा कागद लागे, आणि आखाडे-तालमींवर तर बारीक नजर असे. अर्ज उर्दूत हवा. उर्दूत अर्ज लिहिणारा गावात बी.ए. एकच.

मी काय ऐटीत लिहिला तो अर्ज. वर्ग आरोग्यासाठी आहे, सकाळचा आहे, भाषणं होणार नाहीत. आणि जागेबद्दल लिहिलं, "मंडप ग़ैर-आबाद है और किसी के इस्तेमाल में नहीं." मंडप ओस आहे, कोणाच्याही वापरात नाही. खाली झोकात सही केली, नावापुढे बी.ए. लिहिलं. लिहिताना माझ्या मनात अप्पा आलेच नाहीत. मुद्दाम गाळले असते तर मी निदान लबाड ठरलो असतो. ते आलेच नाहीत.

जिंतूरच्या तहसील कचेरीतून मंजुरी आली. वर्गाच्या वेळेत मंडपात इतरांनी थांबू नये, असंही त्यात होतं, कारण अर्जात मीच तशी मागणी घातली होती.

पहिल्या सकाळी वर्गाला दहा-बारा जण आले. मीही होतो, पहिल्या ओळीत, धोतर खोचून. अप्पा आपल्या जागी आधीच बसलेले होते. पटका बांधलेला, तळहात डोळ्यांसमोर. आचार्य त्यांच्यासमोर उभे राहिले, थोडा वेळ थांबले. अप्पांनी हात खाली घेईपर्यंत ते बोलले नाहीत. तेवढी रीत त्यांनी पाळली. मग शांतपणे म्हणाले, की योगात शरीराला असं गाठोड्यासारखं बांधत नाहीत. मांडी घालून, आधार न घेता बसता येत असेल तर वर्गात बसावं, नाहीतर ही वेळ वर्गाला मंजूर झालेली आहे.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काय बोलतो ते ऐकायला बघितलं. मी म्हणालो, "अप्पा, पटका सोडून बसून बघा की."

त्यांनी पटका सोडला. बसायचा प्रयत्न केला. डावीकडे कलले, हात टेकला, पुन्हा सरळ झाले, पुन्हा कलले. मागून कोणीतरी हसलं. अप्पांनी लिंग कापडात बांधलं, पटका डोक्याला न गुंडाळता काखेत घेतला आणि उघड्या डोक्याने गावातून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते मंडपात आले नाहीत. घरी ओसरीत बसून बघितलं. आमची ओसरी म्हणजे एका बाजूला वासरं, एका बाजूला जातं, समोरून रस्ता. दोन दिवसांनी ओसरीतलं बसणंही बंद झालं. उभ्या उभ्या लिंगाला भस्म लावायचे, कपाळाला टेकवायचे की झालं. जेवण कमी झालं, बोलणं तर आधीच कमी होतं. मी एकदा म्हणालो, आचार्यांशी बोलतो, तुमी चला. ते म्हणाले, "सरकारी कागद हाय. कागद मोडून बसलो तर ते बसणं न्हवं, भांडण झालं. भांडत कसं बसावं?"

माय चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कागद कुणी लिव्हला?"

मी म्हणालो, मी.

"त्यात काय लिव्हलं, कोण बसतंय तिथं?"

मी सांगितलं, कोणी बसत नाही असं लिहिलं.

"तुह्या कागदात तुहा बाप नव्हता का रं?" तिने भाकरी उलटली. "मंग ह्यवढं शिकून काय लिवायला शिकलास तू?"

मी भाकरी न खाता उठलो. उठून काय करणार होतो ते मलाच माहीत नव्हतं.

इकडे आचार्यांनी मंडप साफ करायला काढला होता. खांबांचा चुना खरवडून दगड धुवायचा. गावातल्या तीन-चार बाया विळे आणि काथ्या घेऊन लागल्या होत्या. त्यांच्यात आमच्या शेजारची मावशी होती, जिभेला हाड नसलेली. मी गेलो तेव्हा ती अप्पांच्या खांबाशी बसून काथ्याने घासत होती. चुन्याचे पापुद्रे पडत होते, खाली तेल, त्याखाली काजळी, पुन्हा चुना. खालच्या चौकोनात वीतभर उंचीची एक आकृती निघाली. आधी जटा, मग दाढी, मग एक हात. मावशीने तांब्याभर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि मागे सरून हसायलाच लागली.

"अगं बया. हे तर तुहे अप्पाच की रं. पटका बी तसाच."

मी वाकून बघितलं. गुडघे अर्धे उभे. कमरेमागून निघालेली एक पट्टी दोन्ही गुडघ्यांना वेढा घालून पुढे आलेली. कोरणाऱ्याने कापडाची चुणीसुद्धा सोडली नव्हती. पाठ ताठ, मान किंचित पुढे. सात-आठशे वर्षं तरी झाली असतील त्या दगडाला. इतकी वर्षं तो माणूस त्या गाठीच्या जोरावर बसला होता आणि मी, त्याच्यासमोर लहानाचा मोठा झालेला, हैदराबादला जाऊन सिंधमधल्या मुद्रेवर दोन पानं लिहून आलो होतो.

मला लाज वाटली, हे खरं. पण लाजेपेक्षा राग जास्त आला, आणि तो राग मला त्या दिवशी फार उपयोगी पडला.

दुसऱ्या सकाळी मी वर्गात गेलो तो अप्पांचा पटका खांद्यावर टाकून. पहिल्या ओळीत बसलो, गुडघे वर घेतले, पटका कमरेमागून आणून गाठ मारली. मला नीट जमली नाही. अप्पांची गाठ वेगळी होती. आचार्य म्हणाले, तुम्ही शिकलेले, तुमचे पाय धड, तुम्हाला ही कुबडी कशाला? मी त्यांना खांब दाखवला.

त्यांनी तो बारकाईने बघितला. मग म्हणाले, शिल्पकारापुढे जो येईल त्याला तो कोरतो. एखादा दमलेला बैरागी बसला असेल. त्याच्यावरून योगशास्त्र ठरत नाही.

"दमलेलाच असंल," मी म्हणालो. "दमला न्हाई तो बसंल कशाला? बसायची युक्ती दमलेल्या माणसानंच काढली असणार."

मागे हसू फुटलं, पण या वेळी ते माझ्या बाजूचं होतं. आचार्य रागावले नाहीत. ते म्हणाले, योग ऋषींनी अरण्यात शोधला, शुद्ध परंपरेने तो आपल्यापर्यंत आला, खेड्यात त्याचं असं काहीतरी होऊन बसतं. मी म्हणालो, अरण्यात ऋषी होते तेव्हा त्यांच्या कमरेलाही कापडच होतं, आणि त्यांचेही गुडघे दुखत असणार. इथून जवळ जिंतूरच्या डोंगरात जैनांच्या मूर्ती बसलेल्या आहेत. त्यांची बसण्याची तऱ्हा वेगळी, या खांबावरच्याची वेगळी, आमच्या अप्पांची दृष्टी तळहातावर. यातला शुद्ध कोणता, हे ठरवायचा कागद तुम्हाला कोणी दिला? त्यांनी माझ्याच अर्जाची आठवण करून दिली. कागद तुम्हीच दिला, म्हणाले.

ते बरोबर होतं. मी तिथेच गाठ सोडली आणि जिंतूरची वाट धरली.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की योगसूत्रांत आसनाबद्दल फार काही सांगितलेलंच नाही. स्थिर असावं, सुखाचं असावं, एवढंच. आणि त्यावरच्या जुन्या टीकेत आसनांची जी यादी आहे तिच्यात आधार घेऊन बसण्याचंही एक आसन आहे. त्या पट्टीला योगपट्ट म्हणत. म्हणजे अप्पांचं गाठोडं चांगलं शास्त्रात होतं. पण हे त्या दिवशी मला ठाऊक असतं तर मी ते आचार्यांच्या तोंडावर मारलं असतं आणि जिंतूरला गेलो नसतो. ठाऊक नव्हतं तेच बरं झालं. अप्पांना पुस्तकाची शिफारस नको होती. त्यांच्याबद्दल लिहिलेलं खोटं पुसायला हवं होतं.

तहसील कचेरीत पेशकार साहेब, म्हणजे अर्ज पुढे ठेवणारे कारकून, वयस्क, पान खाणारे होते. मी उर्दूत दुसरा अर्ज लिहून नेला होता : पहिल्या अर्जात माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली; मंडप ओस नाही; माझे वालिद, म्हणजे वडील, तिथे रोज असतात; वर्गाच्या वेळेतही त्यांची जागा त्यांना असावी. पेशकारांनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं.

"मियाँ, आपके वालिद वहाँ करते क्या हैं?"

मी विचार करूनच गेलो होतो. इबादत म्हटलं असतं तर देवळात नवी पूजा सुरू करायची परवानगी कुठे आहे, हा प्रश्न आला असता. कसरत म्हटलं असतं तर तालमीचा कायदा. शिकवणं म्हटलं असतं तर मदरशाचा. जिच्यासाठी परवानगी लागावी असा कायदा अजून निघाला नव्हता अशी एकच गोष्ट उरत होती, आणि ती खरी होती.

"बैठते हैं," मी म्हणालो.

"बैठ के?"

"बैठते हैं, साहब. बस."

हैदराबादला मी हेच म्हणालो होतो. या वेळी मान खाली घालून म्हणालो नाही.

पेशकार साहेबांनी पान एका गालात सारलं. मग म्हणाले, त्यांच्या घरीही वालिद असेच होते, फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर ऊन येईपर्यंत चटईवर तसेच राहायचे, कोणी हाक मारायची नाही. त्यांनी अर्जाच्या कडेला वापराचा प्रकार म्हणून एकच शब्द लिहिला, "निशस्त", म्हणजे बसणं. शिक्का मारला आणि नक्कल माझ्या हातात दिली. निकाल सावकाश होईल, म्हणाले, पण तोवर त्यांना उठवता येणार नाही.

तो निकाल कधीच झाला नाही. पुढे रझाकारांचे दिवस आले, मग निजामाचं राज्यच गेलं, आणि त्या कागदाचं काय झालं कोणी विचारलं नाही.

पण मी त्या दिवशी उन्हं कलताना घरी पोचलो तेव्हा अप्पा ओसरीत दोर वळत होते. मी नक्कल पुढे केली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"काय लिव्हलंस?"

"तुमी बसता, असं लिहिलं."

"आन् दुसरं काय?"

"दुसरं काही नाही."

त्यांनी दोराला पीळ दिला. "मंग बरोबर हाय," म्हणाले. आतून मायने विचारलं, पटका कुठं टाकून आलास? तो माझ्याच खांद्यावर होता. मी तो घडी करून अप्पांच्या हातात दिला.

उजाडताना अप्पा मंडपात गेले. वर्ग भरलेला होता. आचार्यांनी बघितलं, मी नक्कल दाखवली, त्यांनी ती वाचायला घेतली नाही. उर्दू त्यांना येत नव्हती. आपली सतरंजी त्यांनी पलीकडच्या खांबांमध्ये सरकवली. अप्पा धुतलेल्या खांबाशी गेले. दगडातल्या त्या माणसाकडे त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं असेल. आजवर तो त्यांना हाताने ठाऊक होता. त्यांनी त्याला नमस्कार केला नाही. त्याची गाठ कोणत्या बाजूला आहे ते तेवढं वाकून बघितलं. मग पटका सोडला, कमरेमागून घेतला, स्वतःची गाठ मारली आणि तळहात डोळ्यांसमोर धरला.

मी त्यांच्या मागे उभा होतो. ऊन दुसऱ्या खांबाला लागेपर्यंत कोणी त्यांना उठवलं नाही.